भट्टी पुन्हा पुन्हा फुरफुरून विझते? आधी पिंपाच्या डोक्यावर नजर टाका

पेटवल्यावर तासभर भट्टी छान घुमते. मग ज्योत मधूनच पिवळी पडते, आतून फटफट आवाज येतो, एकदोनदा भडका उसळतो आणि सगळं विझतं. उघडून पाहावं तर तेल थेंबथेंब सोडणाऱ्या ठिबकनळीच्या तोंडाशी काळा चिकट गोळा आणि जळण्याच्या वाटीत फेसाळलेलं तेल. खरवडून, पुसून पुन्हा लावलं की दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जळक्या ऑइलवर, म्हणजे गाड्यांतून काढलेल्या वापरलेल्या इंजिन ऑइलवर, वर्कशॉप उबदार ठेवण्यासाठी मी ही भट्टी वापरतो आणि दोन हंगाम या दुखण्याने मला पिडलं. ठिबक कमीजास्त करणारा निडल व्हॉल्व्ह दोनदा बदलला, पंखा मोठा बसवला, धुराडं दोन फुटांनी उंच केलं. दर वेळी वाटायचं, आता सापडलं. खरा दोष भट्टीपासून वीस पावलांवर उघड्यावर उभ्या असलेल्या तेलाच्या पिंपात होता. तुमची भट्टीही अशीच वागत असेल तर पाना हातात घेण्याआधी हे वाचा.

त्याआधी एक गोष्ट, कारण यात माणसं भाजतात. विझलेली भट्टी गरम असताना पुन्हा पेटवू नका. ज्योत गेली तरी ठिबक चालूच असते, तेल तापलेल्या वाटीत पडत राहतं आणि त्याची वाफ आत कोंडते. तिला काडी दाखवली की दार उघडून आग अंगावर येते. ठिबक बंद करा, पंखा चालू राहू द्या, भट्टी हाताला गार लागेपर्यंत थांबा, वाटीतलं तेल फडक्याने टिपून काढा आणि मगच पेटवा. तासभर वाया गेला तर जाऊ द्या.

पाणी आहे का, हे आधी नक्की करा

फटफट आवाज म्हणजे बहुतेक वेळा पाणी. पाण्याचा थेंब तापलेल्या वाटीत पडला की त्याची वाफ होते आणि ती मूळ थेंबाच्या सुमारे १७०० पट जागा मागते. तो छोटासा स्फोटच असतो. त्यात पेटलेलं तेल उडतं, ज्योतीची लय तुटते आणि वाटी गार पडते. पाण्याचा एक मोठा घोट एकदम आला की भट्टी विझते.

पिंपाच्या तळातून नमुना काढा. वरून काढलात तर सगळं आलबेल दिसेल. बारीक नळी तळापर्यंत सोडायची, वरचं टोक अंगठ्याने दाबून धरायचं, तळाला टेकली की अंगठा उचलून पुन्हा दाबायचा आणि नळी बाहेर काढायची. काचेच्या बरणीत हा नमुना ओतून दिवसभर उबदार जागी ठेवा. जळकं ऑइल इतकं काळं असतं की थर चटकन कळत नाहीत. अंधारात बरणीच्या मागे टॉर्च धरा. तळाशी उजेड आरपार जात असेल तर तिथे पाणी आहे. उजेड जात नाही, पण दुधाळ तपकिरी, चहाच्या रंगाचा पट्टा दिसतो? तेही पाणीच, फक्त तेलात मिसळून बसलेलं. हिरवट, गुलाबी किंवा केशरी झाक दिसली तर ते रेडिएटरचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रावण, असू शकतं. त्याबद्दल पुढे.

बरणीत काही दिसलं नाही तरी एक चाचणी करा. विजेच्या हॉटप्लेटवर लहान धातूची थाळी साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवा, डोळ्यांवर गॉगल लावा आणि तेलाचे दोन थेंब टाका. कोरडं तेल गुपचूप पसरतं. पाणी असेल तर तडतडतं, बुडबुडे येतात. हजारात एक भाग पाणी असलं तरी कानाला कळतं. हे उघड्या जाळावर करायचं नाही आणि दोनाचे दहा थेंबही करायचे नाहीत.

पाणी येतं कुठून

माझा बराच काळ समज होता की हवेतला ओलावा आत जातो आणि थंडीत पत्र्यावर दव धरून तळाला उतरतो. सगळे हेच सांगतात. एकदा मी कागदावर हिशेब मांडला.

पिंप दोनशे लिटरचं, अर्धं भरलेलं, म्हणजे वर शंभर लिटर हवा. दिवसाचं आणि रात्रीचं तापमान यांत पंधरा अंशांचा फरक धरला तर ही हवा सुमारे पाच टक्के आकसते. म्हणजे रोज रात्री पिंप पाच लिटर हवा आत ओढतं आणि दिवसा बाहेर सोडतं. ते खरोखर श्वास घेतं. पण ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅमच पाणी असतं. पाच लिटर हवेत ते ०.१५ ग्रॅम भरतं. रोज सगळंच्या सगळं आत राहिलं असं धरलं तरी चार महिन्यांत १८ ग्रॅम, एखादा मोठा चमचा. माझ्या पिंपाच्या तळातून तर बादलीभर निघत होतं. दवावर दोष ढकलून हिशेब बसत नव्हता.

उत्तर एका संध्याकाळी दिसलं. पाऊस थांबला होता. उभ्या पिंपाच्या डोक्यावर, कडेच्या उंच वर्तुळाच्या आत, बोटाच्या जाडीएवढं पाणी साचलं होतं आणि पिंपाच्या दोन बुचांपैकी लहान बूच त्यात बुडालेलं होतं. खडूने कडेला पाण्याच्या पातळीची खूण केली आणि झोपलो. रात्री पाऊस नाही, वाराही नाही. सकाळी ऊन यायच्या आत गेलो तर डोक्यावरचा पत्रा नुसता ओलसर. बुचाभोवती थोडा गाळ गोल फिरून बसला होता, मोरीच्या जाळीभोवती बसतो तसा. पाणी आत गेलं होतं.

दिवसभर तापलेलं पिंप संध्याकाळच्या पावसाने गार पडतं, आतली हवा आकसते, ओढ लागते. बुचाभोवती हवा असेल तर ते हवा ओढतं आणि पाणी असेल तर पाणी. बुचाचं रबर थोडं जरी कडक झालं असेल तरी तेवढी फट पुरते. पिंपाचा आतला व्यास साधारण ५७ सेंटीमीटर, म्हणजे एक सेंटीमीटर पाण्याचे अडीच लिटर. डोक्यावर दोन सेंटीमीटर साचलं तर पाच लिटर, आणि गार होताना पिंपाची ओढही तेवढीच. एका रात्रीत ते अख्खं डबकं पिऊ शकतं. पिंप जितकं रिकामं, तितकी ओढ जास्त. म्हणून तेल संपत आलं की भट्टी जास्त कुरकुरते. आपल्याला वाटतं तळाचा गाळ आला. गाळ येतोच, पण त्याच्याबरोबर पाणी असतं.

उपाय अगदी साधा आहे. पिंप छपराखाली घ्या, उभ्या पिंपाच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सरकवून ते किंचित कलतं करा आणि दोन्ही बुचांना जोडणारी रेषा उताराला आडवी ठेवा. मग पाणी साचलंच तर उताराच्या टोकाला साचतं, बुचांपर्यंत पोचत नाही. पूर्ण भरलेलं, लवकर लागणार नसलेलं पिंप उघड्यावर ठेवावंच लागलं तर आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं. बुचांच्या आतल्या बाजूला तेल असतं, त्यामुळे बाहेरचं पाणी आत ओढलं जात नाही. रबरी वॉशर दरवर्षी बदला, ते तेलाने फुगतात आणि उन्हाने तडकतात. पिंप काठोकाठ मात्र भरू नका. तेल अंशामागे सुमारे ०.०७ टक्के फुगतं. दोनशे लिटर तेल तीस अंशांनी तापलं तर चार लिटरांहून जास्त वाढतं, आणि ते बुचातून वाट काढतं.

वापरात असलेल्या पिंपाला श्वास घ्यायला वाट द्यावीच लागते, नाहीतर तोटीतून तेल अडखळत येतं. त्या वाटेचं तोंड खाली वळवलेलं असावं, छत्रीच्या मुठीसारखं, आणि टोकाला बारीक जाळी. मी लहान बुचाच्या जागी असा वाकडा पाइप बसवला आहे.

दुसऱ्याच्या कॅनमधून आलेलं पाणी

पिंप सुधारलं आणि दुखणं अर्ध्याच्या खाली आलं, पण गेलं नाही. मग कॅन तपासायला लागलो. जिथून मी ऑइल आणतो तिथल्या मेकॅनिकला विचारलं, "दादा, हे फक्त इंजिनचंच आहे ना? कूलंट, ब्रेक क्लीनर असं काही नाही ना त्यात?" तो सरळ म्हणाला, "भाऊ, दिवसभर गाड्या चालू असतात. पोरं कशात काय ओततात ते प्रत्येक वेळी बघायला मी उभा नसतो." त्याचं चुकलं नव्हतं. उघड्या नरसाळ्याखाली एकच कॅन ठेवला की त्यात सगळंच येणार, फरशी धुतलेलं पाणीसुद्धा.

त्याला दोन कॅन दिले. एक रुंद तोंडाचा, झाकणाचा, वर मोठ्या अक्षरांत "फक्त इंजिन ऑइल" लिहिलेला. दुसरा "बाकी सगळं" असा. दुसराही मीच उचलतो, पण तो घरी न आणता टाकाऊ तेल गोळा करणाऱ्या केंद्रावर देतो. उचलायची हमी असल्यामुळे पोरं दोन्ही कॅन नीट वापरतात. माझ्या मते तुम्ही कराल ती सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. तरीही प्रत्येक कॅनचा तळ बरणीत बघितल्याशिवाय पिंपात ओतायचा नाही. एक वाईट कॅन दोनशे लिटर बिघडवतो.

काय अजिबात घ्यायचं नाही ते सांगतो. पेट्रोल किंवा थिनर मिसळलेलं ऑइल तर नाहीच. कोऱ्या इंजिन ऑइलची वाफ पेट घ्यायला साधारण दोनशे अंश लागतात. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेटते. त्यातलं थोडंसं जरी मिसळलं तरी पिंपाच्या वरच्या रिकाम्या जागेत बॉम्ब तयार होतो. बूच उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर तो कॅन बाजूला.

ब्रेक क्लीनर आणि ग्रीस काढायची काही द्रावणं क्लोरीनची असतात. ती जळली की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, धुराडं पोखरतं, आणि धूर छातीला घातक असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या नियमात वापरलेल्या तेलात एकूण हॅलोजन (क्लोरीन आणि त्याच्या जातीची मूलद्रव्यं) १००० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत हजार भागांच्या, वर गेले की त्यात घातक कचरा मिसळला आहे असंच गृहीत धरतात. घरी संशय आला तर तांब्याची तार निळ्या ज्योतीत लाल करा, ज्योतीत वेगळा रंग दिसेनासा झाला की तारेला तेलाचा एक थेंब लावून पुन्हा ज्योतीत धरा. तेल जळून गेल्यावर हिरवी ज्योत दिसली तर क्लोरीनसारखं काहीतरी आहे. हे मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या बाजूला उभं राहूनच करायचं. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल कुणी फुकट देऊ केलं तरी हात लावू नका. त्यात पीसीबी नावाची क्लोरीनयुक्त विषारी रसायनं असू शकतात आणि घरगुती भट्टीत त्यांचं काहीही बरं होत नाही.

कूलंटचं दुखणं वेगळं आहे. ते पाण्यापेक्षा जड असतं, तळाला बसतं, पण इंजिनात तेलाबरोबर घुसळलं गेलं असेल तर बाहेर निघायला फार वेळ घेतं आणि भट्टीत चिकट काजळी धरतं. शिवाय त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलेलं लगेच पुसा.

बिघडलेलं तेल निवळायचं कसं

तेल पाण्यापेक्षा हलकं, मग पाणी आपोआप खाली का बसत नाही? बसतं, पण थेंब किती मोठा यावर सगळं आहे. थेंबाचा व्यास निम्मा झाला की उतरण्याचा वेग चौथाई होतो. इंजिन ऑइलमध्ये काजळी तरंगत ठेवणारी रसायनं घातलेली असतात, तीच पाण्याचे बारीक थेंबही धरून ठेवतात. केसाच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढा थेंब ४० अंशांच्या तेलात दिवसाला दोन-अडीच सेंटीमीटर उतरतो. पिंपाची उंची पाऊण मीटरच्या वर. म्हणजे महिना धरायला हवा, तोही तेल एवढं उबदार राहिलं तर. तेच तेल ७० अंशांवर ठेवलं तर ते पातळ होतं आणि थेंब साधारण तिप्पट वेगाने उतरतो.

म्हणून दोन पिंपं ठेवा. एक वापरात, एक निवळत. निवळणाऱ्याला हलवायचं नाही, त्यात रोज नवीन कॅन ओतायचा नाही. त्याच्यावर खडूने तारीख टाका आणि महिनाभर विसरून जा. घाई असेल तर पिंपाभोवती बसणारा, थर्मोस्टॅट असलेला विजेचा पट्टा वापरून ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा, बूच सैल ठेवून, आणि दहाएक दिवस तसंच राहू द्या. पट्टा तळापासून थोडा वर बसवा आणि तेलाच्या पातळीच्या खालीच ठेवा. शंभर अंशांकडे नेऊ नका. तळाचं पाणी उकळलं की सगळं पिंप दुधासारखं उतू जातं, आणि हे भाजून काढणारं तेल असतं. पिंपाखाली जाळ करणं तर कुणीही, कधीही करू नये.

मग तळातून पाणी काढायचं. माझ्या पिंपाला तळाजवळ एक तोटी आहे आणि तळापासून १२ सेंटीमीटरवर दुसरी. खालची फक्त पाणी काढायला, वरची भट्टीसाठी. खालची हळू उघडली की आधी राखाडी पाणी येतं, मग तपकिरी दोऱ्यांसारखं मिश्रण, मग एकदम घट्ट काळी धार. धार काळी झाली की बंद करायची. तपकिरी मिश्रणाचा मोह धरू नका, त्यात पाणीच जास्त असतं. वरच्या तोटीखालचं सुमारे तीस लिटर कधीच भट्टीत जात नाही. सुरुवातीला हे जिवावर येतं, पण भट्टीचं सुख त्या तीस लिटरांत आहे. तोट्या बसवणं जमत नसेल तर हातपंपाची नळी तळापासून वितीभर वर बांधून ठेवा. निम्मा परिणाम तेवढ्यानेही मिळतो.

भरताना तेल जाळीतून गाळा. शंभर मेशची, म्हणजे इंचाला शंभर भोकांची, स्टीलची जाळी मला पुरते. ती साधारण दीडशे मायक्रॉनहून (०.१५ मिलिमीटर) मोठा कचरा अडवते. जाळीने पाणी मात्र अडत नाही.

पाणी गेलं तरी भट्टी कुरकुरतेय

तर कारण बहुधा दोनांपैकी एक. थंडीत तेल घट्ट होतं आणि संध्याकाळी लावलेली ठिबक पहाटेपर्यंत निम्मी होते. भट्टीला तेल पुरवणारी टाकी खोलीच्या आत, उबेत ठेवा, पण भट्टीला चिकटून नको. दुसरं कारण राख. इंजिन ऑइलमधले कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस जळत नाहीत. वजनाच्या साधारण एक टक्का राख उरते. शंभर लिटर जाळलं की पाऊण-एक किलो राखाडी पांढरट पूड वाटीत, नळीत, धुराड्यात साचते आणि हवेची भोकं बुजतात. ती गार झाल्यावरच, मास्क लावून, ओल्या फडक्याने काढा. झाडूने उडवू नका, तिच्यात शिसं आणि इतर जड धातू असू शकतात.

हे तेल रॉकेलच्या स्टोव्हवर, चुलीत किंवा उघड्या जाळात चालत नाही, कितीही निवळलं तरी. या इंधनाला जोरात हवा, पुरेसं तापमान आणि बाहेर जाणारं धुराडं लागतंच. त्या जाळावर अन्न शिजवू नका. झोपायच्या खोलीत ही भट्टी नको, आणि वर्कशॉपमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. घरी हे तेल जाळायला तुमच्याकडे परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी ते फक्त नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्रालाच द्यावं लागतं. हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. वापरलेल्या इंजिन ऑइलच्या सततच्या स्पर्शाने उंदरांना त्वचेचा कर्करोग झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे, आणि गॅरेजमध्ये आयुष्य काढलेल्यांचे हात आपण पाहतोच.

राहिला तळातून काढलेल्या पाण्याचा प्रश्न. ते गटारात, झाडाला, रस्त्यावर, कुठेच ओतायचं नाही. एक लिटर जळकं ऑइल दहा लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. मी ते झाकणाच्या वेगळ्या कॅनमध्ये साठवतो आणि मेकॅनिकच्या "बाकी सगळं" कॅनबरोबर केंद्रावर देतो. दोन्ही पिंपं एका मोठ्या पत्र्याच्या ताटात उभी आहेत. एक पूर्ण फुटलं तरी सगळं तेल त्यात मावून वर थोडी जागा उरेल एवढी त्या ताटाची कड उंच आहे. पावसाचे दिवस आले की ताटात पाणी नाही ना, एवढं रोज संध्याकाळी बघतो, आणि त्याच फेरीत पिंपाच्या डोक्यावरून हात फिरवतो.